आधी रात्र मोकळी करा, तास नंतर मोजा

मुलांच्या मोबाईलचा विषय निघाला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रोज किती तास चालेल? अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी सल्लागार, विवेक मूर्ती यांनी मे २०२३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात म्हटलं होतं, की दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेची लक्षणं दिसण्याचा धोका दुप्पट असतो. उलट २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली, तेव्हा मुलामुलांच्या मनःस्थितीत जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला.

हे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. सरासरीत सगळे एकत्र येतात: मित्रांसोबत गाण्याचे व्हिडिओ बनवणारा मुलगाही, आणि रात्री एक वाजता स्वतःच्या फोटोखालच्या कमेंट पुन्हा पुन्हा वाचणारी मुलगीही. शिवाय आधीच उदास असलेलं मूल फोनकडे जास्त वळतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे नुसत्या तासांवरून कळत नाही. म्हणून आमचं म्हणणं असं, की किती तास हे नंतर बघा. आधी बघा, फोन कधी हातात असतो आणि त्यापायी काय सुटतं.

बहुतेक घरांत सगळ्यात आधी सुटते ती झोप. तेरा ते अठरा या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. पावणेबारा वाजलेत, दिवा बंद आहे, पांघरुणाखाली फोनचा उजेड आहे. मैत्रिणीला मेसेज गेला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. पण ती ऑनलाइन दिसतेय. मग तिची स्टोरी उघडली जाते, तर त्यात तिघी जणी एकत्र, आणि आपल्याला बोलावलेलं नाही. दर दोन मिनिटांनी पुन्हा तेच, दीड-दोन वाजेपर्यंत. पडद्याच्या उजेडापेक्षा हे वाट पाहणंच झोप जास्त उडवतं. सकाळी साडेसहाला उठलेल्या त्या मुलीच्या चिडचिडीला घरात ‘नखरे’ म्हणतात. खरं तर तिची झोप पाच तासही झालेली नसते.

उपाय साधा आहे, पण अर्धवट केला तर फसतो. झोपण्याआधी एक तास सगळे फोन झोपायच्या खोलीबाहेर, एकाच ठिकाणी चार्जिंगला. सगळे म्हणजे आईबाबांचेही. वेगळं गजराचं घड्याळ आधीच आणा, नाहीतर ‘अलार्मसाठी लागतो’ म्हणत तिसऱ्या दिवशी फोन उशाशी परत येतो. अभ्यासाचं काही ग्रुपवर येत असेल तर ते संध्याकाळीच उतरवून घ्यायचं. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते: मुलांनी मित्रमैत्रिणींना स्वतः सांगून ठेवायला हवं, ‘दहानंतर मी नसतो’. नाहीतर रात्रीची शांतता रुसवा समजली जाते आणि सकाळी नवं भांडण उभं राहतं.

दिवसाच्या वापरात मुख्य प्रश्न फीडचा, म्हणजे अॅप एकामागून एक दाखवत राहतं त्या पोस्टच्या रांगेचा. आपल्याला काय आवडलं यापेक्षा आपण कशावर थांबलो, हे फीड बारकाईने टिपतं. एखाद्या सडपातळ मॉडेलचा व्हिडिओ मन खट्टू होत असतानाही शेवटपर्यंत पाहिला, की तसेच आणखी येतात. इन्स्टाग्राम ज्या कंपनीचं आहे, त्या फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हौगन यांनी २०२१ मध्ये बाहेर आणलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत होतं, की ज्या किशोरी स्वतःच्या शरीराबद्दल नाराज होत्या, त्यांतल्या ३२ टक्के जणींना इन्स्टाग्राममुळे ती भावना आणखी वाढल्यासारखी वाटली. म्हणून नुसतं पुढे सरकवणं पुरत नाही. त्रास देणाऱ्या पोस्टवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबायचं, तसली खाती अनफॉलो किंवा म्यूट करायची, ऑटोप्ले बंद करता येत असेल तिथे बंद. नोटिफिकेशन फक्त माणसांच्या मेसेजचे ठेवायचे, अॅपने स्वतःहून मारलेल्या हाकांचे नकोत. हे सगळं मुलाच्याच हाताने होऊ द्या. तुम्ही फोन घेऊन केलंत तर आठवड्यात सगळं पूर्ववत होतं.

वेळेची मर्यादा लावायची तर ठरवतानाही मूल सोबत हवं. पासवर्डची लढाई पालक बहुतेक हरतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ मध्ये १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यात काहींनी तीन आठवडे फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट रोज प्रत्येकी १० मिनिटंच वापरलं. त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. आम्हाला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की मर्यादा नसलेल्या, फक्त आपल्या वापराची नोंद पाहणाऱ्या गटातही चिंता घटली. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, तरी रविवारी मुलासोबत बसून आठवड्याचा स्क्रीन टाइम बघायला काहीच खर्च नाही.

शिक्षा म्हणून फोन काढून घेणं मात्र टाळा. ज्याला फोन जाईल अशी भीती असते, तो कोणी फोटोवरून धमकावलं तरी घरी सांगत नाही. ‘काहीही झालं तरी सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही’, हे वाक्य आधीच बोलून ठेवा. धमकी आलीच तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचा नाही. आधी खात्याचं नाव आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, मग तक्रार, मग ब्लॉक.

खाणंपिणं, झोप, मित्र, आवडते खेळ यांत दोन आठवडे टिकलेला बदल दिसला, तर सेटिंग बदलत बसू नका, समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. जगणं नकोसं झाल्याची भाषा कानावर आली तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. तिथे जाताना फोन त्याच्या हातात असला तरी असू द्या.