कोझुमेलला नेऊन राहिले!

सकाळी तर्री-पोह्याची प्लेट हातात घेतली अन् बाबांचा फोन. तिकडे रात्रीचे साडेनऊ, मायामीहून निघालेल्या क्रूझवर. "अरे, सेंट थॉमस बेट रद्द! वादळ आलं म्हणे. आता कोझुमेलला नेऊन राहिले." म्हणजे पूर्व कॅरिबियन सोडून थेट पश्चिमेला, मेक्सिकोत!

माझी तर टरकलीच. मग त्यांच्यासोबत असलेल्या ताईनं समजावलं. जहाज ताशी ३५-४० किलोमीटर पळतं, वादळ बहुतेक वेळा त्याहून हळू सरकतं, म्हणून कप्तान लांबूनच वळसा घालतो. तिकडे १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचाच हंगाम; तिकीट स्वस्त पडलं ते उगाच नाही. भरपाई? करारातच लिहिलंय, कप्तान मार्ग बदलू शकतो. चुकलेल्या बंदराचा कर अन् जहाजाकडूनच घेतलेल्या तिथल्या सहलीचे पैसे तेवढे परत. (वाचतं कोण ते बारीक अक्षर!) नशीब, अमेरिकेचा व्हिसा मेक्सिकोत चालतो.

बाबांनी महिनाभर सेंट थॉमसचा नकाशा पाठ केला होता, त्याचं मला वाईट वाटलं.

आईचं दुःख वेगळंच. लाटांनी सूप साडीवर सांडलं, अन् "संत्राबर्फी संपली रे, अजून चार दिवस जायचे आहेत."

पोहे केव्हाच निवले होते.