पाण्याच्या अहवालात मजुरी कशाला?

"दुष्काळी जिल्ह्यात ऊस का लावता?" या एका प्रश्नावर माझी पीएच.डी. झाली आणि पुढची नोकरीही त्यावरच निघाली. सोलापुरात वर्षाला पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, त्यातला भरवशाचा म्हणाल तर परतीचा. साखर कारखाने मात्र मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. सेमिनारमध्ये उत्तर ठरलेलं असायचं: शेतकऱ्यांमध्ये जागृती नाही. (हे वाक्य बोलणाऱ्याच्या चहात दोन चमचे साखर असायची, ते सोडा.)

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घ्या. काळ्या रानात नुसत्या ओलीवर येते, २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. काढणी बघितलीय कधी? एका रानात दोन आज्ज्या तळहातांना चिंध्या गुंडाळून ताटं मुळासकट उपटत होत्या. वाकायचं, दोन्ही हातांनी धरायचं, हिसका द्यायचा, ढेकळं झाडायची. मग पेंढ्या बांधा, कणसं मोडा, कडबा रचा, मळणीला मशीन मिळतंय का बघा. शेतमालक बांधावर उभा राहून फोनवर माणसं शोधत होता. मला म्हणाला, "सर, ऊस गेला की पैसं खात्यावर. ज्वारी घरात येऊस्तोवर निम्मी मजुरीत जाती."

उसाला कायद्याने ठरलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर, आहे, तोडायला कारखान्याची टोळी येते, बिल थकलं तर आंदोलन करायला संघटना आहेत. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण व्यापाऱ्यापुढे शेतकरी एकटाच उभा असतो. मग कालव्याचं पाणी पोचलं की माणूस काय लावणार? मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची गावं उजनी धरणाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं झगडली, ती काही ज्वारीला जादा पाळी मिळावी म्हणून नव्हे.

महाराष्ट्राचा भूजलाचा कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. साठ मीटर, म्हणजे दोनशे फूट, ओलांडली की त्याच्या लेखी ती खोल विहीर, आणि तिच्यावर बंधनं. आमच्याकडे पाचशे फुटांच्या बोअरचं कुणाला नवल नाही. कायदा वाईट नाही, चांगला विचार करून केलेला आहे. पण बोअर मारणाऱ्याने काय पेरलं तर ती मारावी लागणार नाही, आणि ते काढायला कोण येईल, हे त्यात कुठे येणार?

एका समितीसाठी मसुदा लिहिला होता, तेव्हा त्यातलं मजुरीचं प्रकरण गाळण्यात आलं. "पाण्याच्या अहवालात मजुरी कशाला?" असं मला विचारलं गेलं. वाद घातला, फरक पडला नाही. कडब्याच्या भावाचा तक्ता तेवढा परिशिष्टात राहिला.

आता निवृत्त झालोय, पण पोरं प्रश्नावल्या दाखवायला घरी येतात. पहिला प्रश्न हमखास "पीक कोणते?" असतो. मी त्याच्या वर लिहायला लावतो: "काढायला कोण येतं, आणि रोजची मजुरी किती?"