पिंजारी यायचा त्या दिवशी

"रात्री अकरा वाजता एकटे बसून असले सिनेमे बघवतात कसे हो तुम्हाला?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बायकोही हेच विचारते, फक्त तिच्या प्रश्नात 'हो' नसतो. असले म्हणजे भुताटकीचे नव्हेत. हवेलीतली पांढरी साडी दिसली की मला झोप येते. युद्ध संपल्यावरही माणसाच्या डोक्यात जे चालूच राहतं, त्यावरचे भयपट मी बघतो.

पहिला बघितला 'जेकब्ज लॅडर'. १९९० चा सिनेमा, गिरगावातल्या लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर. व्हिएतनाममध्ये लढलेला जेकब न्यूयॉर्कात पोस्टात नोकरी करतोय. मधेच एखाद्याचं डोकं इतकं वेगानं थरथरतं की चेहराच पुसला जातो. त्यात कॉम्प्युटरची करामत नाही. नटानं मान हलवायची, कॅमेरा मुद्दाम संथ चालवायचा आणि पडद्यावर नेहमीच्या गतीनं दाखवायचं. एवढ्याशा युक्तीनं माझ्या तळहातांना घाम फुटला होता. शेवटी कळतं की जेकब घरी आलेलाच नाही. तिकडेच, लष्कराच्या तंबूत तो मरतोय आणि आपण बघत होतो ते त्याचं मरणं. (शेवट फोडला, माफ करा. पस्तीस वर्षं दम धरला होता.)

घरी आलेलाच नाही म्हटल्यावर मला आमचे आजोबा आठवले.

आजोबा कुठल्या लढाईवर गेले नव्हते. ते गोदीत हमाल होते. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' ही बोट फुटली. एकाच बोटीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या! दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले आणि पेटलेल्या गासड्या आसपासच्या वस्तीवर पडल्या. बोटीवरच्या सोन्याच्या विटाही उडाल्या. मुंबईत अजून गप्पा रंगतात त्या विटांच्याच. आजोबा एवढंच म्हणायचे, "होतो मी तिथं." पुढे विचारलं की तंबाखू मळायला घ्यायचे.

आमच्या माझगावच्या चाळीत उन्हाळ्यात पिंजारी यायचा. गॅलरीत गाद्या उसवल्या जायच्या, धनुकलीचा टँव टँव आवाज सुरू व्हायचा आणि कापसाचे पुंजके सगळ्या मजल्यावर उडायचे. आम्ही पोरं ते पकडायला धावायचो. आजोबा टोपी घालून जिना उतरायचे ते दिवेलागणीला परत. एकदा त्यांना निघायला उशीर झाला. एक पुंजका येऊन त्यांच्या बाहीवर बसला. त्यांनी तो झटकला नाही, तळहातानं विझवला. थापांवर थापा मारून. पुंजका केव्हाच खाली पडला होता, तरी हात थांबेना. मी सात वर्षांचा होतो, मला हसू आलं. आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

"त्यांना कापूस सोसत नाही, खोकला लागतो," घरात सगळे म्हणायचे. खोकला मी कधी ऐकला नाही.

भयंकर प्रसंग संपला तरी डोक्यात चालूच राहतो, या दुखण्याला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत यादीत 'पीटीएसडी' हे आजचं नाव दिलं ते १९८० साली. आजोबा १९७८ ला गेले. नाव कळून त्यांनी काय केलं असतं म्हणा, तंबाखूच मळली असती.

तर मी असे सिनेमे बघतो, कारण त्यात कुणी 'खोकला लागतो' म्हणून वेळ मारून नेत नाही. २०१६ च्या 'अंडर द शॅडो'मध्ये इराण-इराक युद्धाच्या काळातलं तेहरान आहे. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावलेल्या, आई आणि लहान मुलगी घरात, वरच्या मजल्यावर क्षेपणास्त्र येऊन पडलेलं. पुढे घरात जिन शिरतो, पण मला त्या चिकटपट्ट्यांनीच धरून ठेवलं. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये आमच्या खिडक्यांना आजीनं काळा कागद लावला होता. आजोबांनी खळ करून दिली, अगदी शांतपणे. सायरन वाजला तरी ते हलायचे नाहीत. त्यांना भीती कापसाची.

आजीला हे ठाऊक असणार. पिंजारी येणार असेल त्याच्या आदल्या रात्री ती त्यांची टोपी आणि वहाणा दाराशी काढून ठेवायची. सकाळी डबाही बांधून द्यायची, गोदीतली नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती तरी.