बाई, अळीला आवळा कोण देतं?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मी शेडमध्ये रेशीम अळ्यांना पाला टाकत होते. चौथी कात नुकतीच सुटलेली, अळ्या भुकेजलेल्या. हात पाल्यात आणि मन आठवीच्या वर्गात, असं झालं.

त्या दिवशी विज्ञानाच्या बाईंनी काचेच्या पेल्यात पातळ केलेली भाताची पेज आणि आयोडिनचे दोन थेंब घेतले. पेज काळीनिळी झाली. मग बाई आवळ्याचा रस थेंबाथेंबाने सोडू लागल्या. पाचव्या-सहाव्या थेंबाला निळा रंग पार नाहीसा झाला! बाई म्हणाल्या, हा क जीवनसत्त्वाचा गुण. शेळी, कुत्रा, उंदीर ते आपल्या यकृतात बनवतात, बेडूक आणि सरडा मूत्रपिंडात. माणूस, माकड आणि गिनीपिग यांना मात्र ते अन्नातूनच घ्यावं लागतं.

मी उठून विचारलं, "बाई, मग अळीला आवळा कोण देतं?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "मला माहीत नाही गं. आपण बघू या," म्हणाल्या. शिक्षकाच्या तोंडून "माहीत नाही" मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

कोरेगावला मामांकडे तुती होती. तिथून अळ्या आणल्या आणि बुटांच्या दोन खोक्यांत ठेवल्या. एका खोक्यात ताजा पाला, दुसऱ्यात वाळवलेला. दुसऱ्या खोक्यातल्या अळ्या कात टाकतानाच अडकल्या, जुनी कातडी शेपटाकडे चिकटलेली. "बाई, सापडलं!" म्हणत मी धावले. बाईंनी खोकं उजेडात धरून नीट पाहिलं. "पाल्यातलं पाणीही गेलंय की. मग दोष पाण्याचा की क चा?" मी वाळका पाला भिजवून घातला, तरी अळ्या जगल्या नाहीत. "थोडी पुढे आलीस," बाई म्हणाल्या, "पण वाळताना आणखी काय काय गेलं असेल?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुढे पुस्तकांतून शोधलं. प्राण्यांमध्ये क जीवनसत्त्व बनवण्याची शेवटची पायरी जे विकर (एन्झाइम) पार पाडतं, त्याचं जनुक कीटकांत आढळत नाही. रेशीम अळीला ते तुतीच्या पानातून मिळतं. पाल्याऐवजी कृत्रिम खाद्य द्यायचं झालं, तर त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, घालावं लागतं. टोळांच्या खाद्यातून ते काढलं तर टोळ कात टाकण्याच्या वेळीच मरतात. तेवढ्यात "कीटकांना क बनवता येत नाही" असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं, पण झुरळ आणि फळमाशी आड येतात. त्यांच्या खाद्यात क नसलं तरी त्यांचं भागतं. सगळ्या कीटकांना एकच उत्तर देणं बरोबर नाही, आणि बाईंनीही ते मला देऊ दिलं नसतं.

आज माझी दीड एकर तुती आहे. पाला सकाळच्या गारव्यात तोडते आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवते. नवीन शेतकरी विचारतात, शिळा पाला चालत नाही का? तेव्हा मी पेज आणि आयोडिन मांडते आणि दोन्ही पाल्यांचा रस थेंबाथेंबाने घालून दाखवते. कोमेजलेल्याला थेंब जास्त लागतात.

महोत्सवाला येताना अळ्यांचा एक ट्रे आणते आहे. प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल तेवढं मोकळं ठेवा.