तुम्ही विचारलंत म्हणून : रात्री एक वाजता का निघायचं?

पाठीला स्की, म्हणजे बर्फावरून घसरायच्या लांब पट्ट्या, बांधून अजिंक्यताऱ्याच्या चढावर सराव करताना रोज कुणीतरी हटकतंच, "काय, साताऱ्यात बर्फ पडला काय?" ते चेष्टेत. खरा प्रश्न परवा शेजारच्या काकांनी विचारला : मे महिन्यात हिमालयात बर्फाचे डोंगर चढून स्कीवरून उतरायला जाता, मग चांगलं ऊन सोडून रात्री एक वाजता का निघता, आणि वर पोचल्याबरोबर खाली का पळता?

काका, भिजवलेला साबुदाणा आठवा. मे महिन्यातला बर्फ दिवसा वितळतो, निरभ्र रात्री परत गोठतो. असं रोज होऊन त्याचे कण गोल, जाड होतात. पहाटे ते एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. बुटाखालचे क्रॅम्पॉनचे दात त्यात कचकन रुततात, चढायला झकास. उतार सौम्य असेल तिथं स्कीच्या तळाला केसाळ पट्टी लावून चढायचं. म्हशीच्या अंगावरून उलटा हात फिरवलाय ना? तसे ते केस मागं सरकू देत नाहीत.

ऊन आलं की वरचा बोटभर थर सुटतो, दाणा न् दाणा मोकळा. त्यावरून वळणं घेत उतरायचं सुख सांगून कळायचं नाही. पण ते तास-दोन तासच. मग पाणी जास्त झालेल्या साबुदाण्यासारखा गिचका होतो, आणि उभ्या उतारावर तोच ओला, जड थर सुटून खाली येतो. म्हणून माथ्यावर रेंगाळायचं नाही.

मनालीच्या वर, बियासकुंडाच्या खोऱ्यात फ्रेंडशिप शिखर आहे, ५,२८९ मीटर. आमच्या शेवटच्या तळापासून माथा म्हणजे अजिंक्यतारा चारदा एकावर एक. एकला निघालो, पण आभाळ भरलेलं. ढगांचं पांघरूण असलं की बर्फाची ऊब वर निघून जात नाही, तो नीट गोठत नाही. तीनच्या सुमाराला पाय गुडघ्यापर्यंत जायला लागले. मी आपला "थोडं पुढं बघू" म्हणत होतो. एवढी रजा, एवढं भाडं! वाटाड्यानं बर्फात चढायच्या कुऱ्हाडीचा दांडा खाली दाबला, तो सरळ मुठीपर्यंत आत गेला. "जमा नहीं. वापस."

माथ्यावर फोडायचा म्हणून नेलेला कंदी पेढ्यांचा पुडा सकाळी सातला तंबूत फोडला. अर्धे पेढे वाटाड्यानंच खाल्ले.