धूर नाही, तरी गाडी नापास

गेल्या आठवड्यात माझी गाडी नापास झाली. 2012 चं मॉडेल, इंजिन ठणठणीत, मागून धुराचा लवलेश नाही. तरी तपासणीवाल्याने गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडली आणि सांगितलं की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनातून निघणारे विषारी वायू निवळवणारा भाग, कामातून गेलाय. तो बदलल्याशिवाय नोंदणी पुढे सरकणार नाही. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना दर दोन वर्षांनी हा ‘स्मॉग चेक’ द्यावाच लागतो. खर्च ऐकून आई फोनवर म्हणाली, "काय होऊन राहिलं रे तिकडे? धूर नाही तं पैसे कायचे?"

दोन दिवस मीही तसाच धुमसत होतो. मग वाचायला बसलो.

1943 च्या जुलैत लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं धुरकं उतरलं. युद्धाचे दिवस; लोकांना वाटलं, जपानने विषारी वायू सोडला. पुढे संशय कारखान्यांवर गेला, परसात कचरा जाळायच्या भट्ट्यांवर गेला. खरं कारण हुडकलं आरी हागेन-स्मिट यांनी. कॅल्टेक विद्यापीठात अननसाच्या स्वादावर काम करणारा हा रसायनशास्त्रज्ञ. गाड्यांमधून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड आणि न जळालेल्या पेट्रोलची वाफ उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिलं. म्हणजे हे विष सायलेन्सरमधून बाहेर पडतच नाही, ते उन्हात शिजतं! सकाळच्या गर्दीने सोडलेला माल दुपारी तयार होतो, आणि समुद्रावरचा वारा तो लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या आमच्या रिव्हरसाइडपर्यंत आणतो. पुढे डोंगर, वर गरम हवेचं झाकण. पोरीचा फुटबॉलचा सराव उन्हाळ्यात आम्ही सकाळी ठेवतो तो यासाठीच. ओझोनने घसा जळतो, दम्याच्या मुलांचे हाल होतात. धुळीसाठीचा मास्क तर या वायूला अडवतच नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते संत्र्यांचं. रिव्हरसाइड हे संत्र्यांचं गाव. 1873 मध्ये लावलेलं नेव्हल संत्र्याचं झाड इथे अजून उभं आहे. इथल्या संशोधकांनी बागेतली झाडं बंदिस्त करून काहींना गाळलेली हवा दिली. त्यांना जास्त फळं धरली. वाचता वाचता नागपूरजवळच्या काटोल-नरखेडच्या बागा डोळ्यांपुढे आल्या. बागेपासून शहर लांब असलं म्हणून बाग सुटत नाही, ही गोष्ट माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती.

आपण नागपूरकर हवेची काळजी करतो ती हिवाळ्यात, दिवाळीनंतर. मे महिन्यात आभाळ लख्ख निळं, म्हणून हवा चांगली असं धरून चालतो. पण 45 अंशांचं ऊन, वर्धा रोडवरच्या गाड्या, शेजारी कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं. ओझोनचं सगळं सामान आपल्याकडे आहे. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्थाही आपल्याच गावात आहे.

तरी एक सांगतो. इथे घरटी दोन-तीन गाड्या दारात उभ्या असतात. आमच्या घरी पाच माणसांत एक लूना होती. या लोकांनी आधी हवा नासवली, मग नियम शिकले. आपल्याला कोणी कमी लेखायचं कारण नाही.

पण पीयूसीचं काय? मागच्या वेळी नागपुरात आलो तेव्हा एका ठिकाणी सायलेन्सरमध्ये नळी न घालताच भावाच्या गाडीची पावती फाटली होती, आणि मीही तेव्हा गप्प बसलो. काल त्याला फोन केला. म्हटलं, या वेळी नळी घालूनच तपासून घे, आणि उन्हाळ्यात पेट्रोल भरदुपारी नको, रात्री भरत जा, वाफ कमी उडते.

"रात्रीच भरतो दादा," तो म्हणाला. "पण नळीचं पीयूसीवाल्याला तूच सांग, मी फोन देतो."

देऊ दे. मी बोलणार आहे.