हरिहरेश्वर ते रेडी, सात वर्षं जुन्या एसयूव्हीने: मागून येणाऱ्यांसाठी

‘एसयूव्ही आहे, कुठेही जाईल’ असं सांगणारा माणूस बाणकोट-केळशी रस्त्यावर एसटीसमोर कधी सापडलेला नसतो. गाडी गेली आणि परतही आली, पण ज्या गोष्टींची भीती घातली होती त्यातली एकही आडवी आली नाही. आडव्या आल्या त्या तीन गोष्टी कोणी सांगितल्या नव्हत्या: रस्त्याची कड, खाडीतल्या फेरीबोटीचा उतार आणि पंक्चरवाला.

गाडी मध्यम आकाराची, २०१८ ची. डिझेल, मॅन्युअल, ताकद फक्त पुढच्या चाकांना. निघताना १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. चार मोठी माणसं, एक मूल आणि डिकी छतापर्यंत भरलेली. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, मग किनारा धरून खाली रेडीपर्यंत आणि आंबोलीने परत. सागरी महामार्ग हे नाव मोठं आहे आणि अंतुल्यांच्या काळापासून ऐकू येतंय, पण कितीतरी ठिकाणी तो अजून गावातला रस्ताच आहे. नकाशातली सलग निळी रेघ बघून वेळेचा हिशेब करू नका. दापोली तालुका संपेपर्यंत ताशी २५ किलोमीटर धरा.

आधी ग्राउंड क्लिअरन्स. माहितीपत्रकातला १९० मिलिमीटरचा आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. ही गाडी माणसं आणि सामान भरून सपाट फरशीवर मोजली, तर इंजिन गार्डखाली १५५ भरले. सात वर्षांत स्प्रिंगही थोड्या बसतात. मोजायची रीत सोपी आहे: चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर रिकाम्या गाडीत घ्या, मग भरलेल्या गाडीत घ्या. फरक मागच्या बाजूला जास्त दिसतो. तो ५० मिलिमीटरच्या पुढे गेला तर मागचे स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर निघण्याआधी बघून घ्या. छतावर कॅरिअर लावून प्रश्न सुटत नाही, गाडी फक्त डोलायला लागते.

आता बागमांडला-वेशवी फेरी. इथे (आणि दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथेही) अडचण पाण्याची नसते, ओहोटीची असते. भरतीला फेरीचं फाळकं (गाड्या चढायची फळी) जेट्टीच्या उताराला जवळजवळ सपाट टेकतं. ओहोटीला फेरी खाली जाते, उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडतो आणि फाळकं जिथे टेकतं तिथे खोल कोपरा तयार होतो. त्या कोपऱ्यात पुढच्या बंपरची ओठी घासते, किंवा मागून सायलेन्सरचं टोक. इथे माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स उपयोगाचा नाही, चाकापुढे गाडीचं नाक किती लांब आणि किती उंच आहे ते महत्त्वाचं.

वेळ काढायला अ‍ॅप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला संध्याकाळी पाच-साडेपाचला सगळ्यात खोल ओहोटी आणि नेमकी तेव्हाच फेरीला पर्यटकांची रांग. हे दोन दिवस टाळा, नाहीतर सकाळी नऊ ते दुपारी दीडच्या दरम्यान पार व्हा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याचा चढउतार कमी, तेव्हा कधीही जा.

उतारावर चढण्याआधी सगळ्यांना खाली उतरवा. दोन-तीन सेंटिमीटर इथेच परत मिळतात. चालकाखेरीज कोणी आत बसलं असेल तर ते आळशीपणामुळे.

पुढच्या चाकांची गाडी शेवाळावर सरळ चढवताना वजन मागे जातं आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. रिव्हर्समध्ये चढवायला सांगितलं तर घाबरू नका, उलट पकड चांगली मिळते, कारण वजन चालत्या चाकांवर येतं. मार बसतो तो क्लचला. लोक भीतीने पेडल अर्धं दाबून धरतात, इंजिन ओरडतं, गाडी इंच-इंच सरकते आणि जळका वास येतो. क्लच पूर्ण सोडता येईल एवढी गाडी हलू द्या आणि मग पेडलवरून पाय काढा. मागे जागा मोकळी झाल्याशिवाय सुरुवातच करू नका. फेरीवरचा पोरगा ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, त्याला क्लच बदलायचा नाहीये.

एक लाखाच्या पुढच्या गाडीचा क्लच घरीच तपासा. मोकळ्या सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला चौथा गिअर टाकून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर गेले आणि वेग मागे राहिला तर प्लेट घसरते आहे. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हे काम होत नाही आणि सहलीत दापोलीला अडकून ते करून घेणं म्हणजे दोन-तीन दिवस गेले असं समजा.

आणि तो रस्ता. बाणकोट ते केळशी, पुढे आडे-पाडल्यावरून आंजर्ले. याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे. एकपदरी रस्त्याची डांबरी रुंदी प्रमाणाप्रमाणे ३.७५ मीटर, इथे काही जागी तेवढीही वाटत नाही. गाडी आरसे सोडून १.८ मीटर, एसटी साधारण २.५. बेरीज ४.३. म्हणजे कुणाला तरी डांबर सोडावंच लागतं, आणि एसटी सोडत नाही. तिने सोडूही नये. तुमची डावी चाकं साइडपट्टीवर उतरतात आणि तिथे डांबर आणि माती यांच्यात तीन-चार इंचांची पायरी असते. पायरीखाली माती नसते, तर जांभ्याचे धारदार तुकडे असतात, गवताने झाकलेले.

उतरताना फारसं काही होत नाही. टायर फाटतो तो परत वर चढताना. एसटी गेली की माणूस सवयीने स्टिअरिंग जरासं उजवीकडे वळवून वेगात रस्त्यावर यायला बघतो. टायर पायरीला समांतर असतो, कड त्याच्या आतल्या बाजूला घासत राहते आणि साइडवॉल (टायरची बाजू) चिरते. तिथे पंक्चर निघत नाही, टायर फेकावाच लागतो. योग्य रीत: खाली उतरल्यावर पूर्ण थांबा, स्टिअरिंग चांगलं वळवा, पहिल्या गिअरमध्ये पायरी शक्य तेवढी आडवी घेत सावकाश चढा. पायरी चार इंचांहून मोठी दिसली तर वर चढायची घाई नको. साइडपट्टीवरच पुढे चालत राहा, कुठेतरी ती डांबराला मिळते. चढावर असाल तर खाली येणाऱ्याने तुम्हाला वाट द्यायची असते, पण एसटी दिसली की आधीच्या वळणावर थांबलेलं बरं.

हवा कमी असलेला टायर इथे आधी जातो, कारण त्याची बाजू जास्त फुगून बाहेर येते. चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा असतो, तो टायर थंड असताना भरा. टायरचं वयही बघा. साइडवॉलवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या टायरची नक्षी कितीही चांगली दिसली तरी रबर कडक झालेलं असतं. असले टायर घेऊन या पट्ट्यात जाऊ नये, एवढंच. सतरा-अठरा इंची चाकांच्या महाग मॉडेलपेक्षा सोळा इंचीवाले इथे सुखी. साइडवॉलवर फुगा आला तर आतले धागे तुटले आहेत, पुढच्या गावापर्यंतही विश्वास ठेवू नका.

स्टेपनी बघून ठेवा. बऱ्याच मॉडेलमध्ये ती चार चाकांपेक्षा लहान असते आणि ताशी ८० ची मर्यादा तिच्यावर छापलेली असते. लहान स्टेपनी पुढे लावू नका, डिफरन्शिअल (दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारे गिअर) सतत फिरत राहतं. पुढचा टायर गेला तर मागचा काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. अर्ध्या तासाचं जास्त काम आहे, पण गिअरबॉक्सपेक्षा स्वस्त. नवा टायर घ्यायचा तर एका अ‍ॅक्सलवर दोन्ही सारखे घ्या. लहान गावात हवा तो आकार मिळेलच असं नाही, चिपळूण-रत्नागिरीत मिळण्याची शक्यता जास्त.

पंक्चरवाल्याचं प्रकरण महामार्गालगतच्या टपरीवरचं. एक खिळा होता, बिल सात पंक्चरचं. पद्धत अशी: चाक काढून तुमच्या नजरेआड नेतात, फेस लावतात आणि टोच्याने नक्षीच्या खाचेत भोकं पाडतात. मग तुम्हाला बोलावून बुडबुडे दाखवतात. दीडशे रुपयांचं काम हजाराच्या वर जातं, मशरूम प्लगचा आग्रह मान्य केला तर त्याच्याही पुढे. खरं पंक्चर ओळखता येतं: त्यात खिळा किंवा काळी घाण असते. ताजं भोक स्वच्छ असतं आणि बहुतेक खाचेच्या मधोमध. चाक काढू देऊ नका. साबणाचं पाणी स्वतः मारा, बुडबुड्याभोवती खडूने गोल करा, आकडा आणि दर बोलून घ्या, मग हत्याराला हात लावू द्या.

त्याहून चांगलं म्हणजे किट स्वतःचं ठेवा: टोचा, घासणी, चिकट पट्ट्या, सोल्यूशन, पक्कड, साबणाच्या पाण्याची फवारणी बाटली आणि बारा व्होल्टवर चालणारा पंप. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर चाक न काढता समोर येतो. मागच्यासाठी गाडी थोडी पुढे-मागे करून खिळा हाताशी आणा. सगळं तयार होईपर्यंत खिळा उपसू नका. उपसल्यावर त्याच कोनात घासणी सोल्यूशन लावून आठ-दहा वेळा फिरवा. पट्टी टोच्यात मधोमध ओवा, दोन्ही टोकं दीडेक सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी दाबा, टोचा न पिळता सरळ हिसक्याने ओढा. उरलेली टोकं नक्षीच्या उंचीला कापा, हवा भरा, पुन्हा फेस मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा परत मोजा.

गुहागर ते मालवण दोन दिवस काहीच बिघडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही काही नाही. रस्ता ठीक, तवसाळ-जयगड फेरी सोडली तर पूल आहेत. गाडी पुळणीवर उतरवू नका. रुतली की ट्रॅक्टरवाला भरतीकडे बघून भाव सांगतो.

ज्यांची गाडी एप्रिल २०२० नंतरची, बीएस सहा डिझेल आहे, त्यांना वेगळी अडचण येईल. या वेगाने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ होत नाही. दिवा लागला तर दुर्लक्ष न करता रत्नागिरीच्या बाजूला मोकळा रस्ता गाठा आणि एक गिअर खाली ठेवून, दोन हजार आरपीएमच्या वर, १५-२० मिनिटं न थांबता चालवा. मधेच इंजिन बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समुद्राकाठी मुक्कामात हँडब्रेक ओढून ठेवू नका. एका रात्रीत गंजाचा पापुद्रा येऊन मागचे ब्रेक धरतात. सपाटीवर पहिला गिअर आणि चाकाला दगड पुरे. सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकला करकर होते, ती जाते.

पुढून खड्ड्यात कटकट असा बारीक आवाज आला तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक रॉड असते, घरी पोहोचता येतं. ब्रेक मारताना धप्प आवाज आणि गाडी एका बाजूला ओढणं म्हणजे लोअर आर्मचा बुश. तो घेऊन आंबोली घाटात नको, सावंतवाडीतच दाखवा.

घरी आल्यावर त्याच आठवड्यात खालून साध्या पाण्याने धुऊन घ्या: चाकांच्या कमानींच्या आत, सबफ्रेमच्या पोकळ्या, मागच्या बीमच्या वर. डिझेल किंवा जुनं ऑइल फवारायचा सल्ला मिळेल, ऐकू नका, त्याने रबरी बुश फुगतात. एसी कंडेन्सर आणि रेडिएटरच्या पत्र्यांत लाल धूळ बसलेली असते, ती कमी दाबाने आतून बाहेर काढा. प्रेशर गन जवळून मारली की पत्रे आडवे होतात आणि एसी पुढच्या उन्हाळ्यात थंड करत नाही. एअर फिल्टर झटकून परत बसवू नका, बदला. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांत कपभर पाणी ओतून ते चाकांजवळ खाली येतंय का बघा. जांभ्याची धूळ त्या नळ्या बुजवते आणि पहिल्या पावसात पाणी थेट पायाखालच्या गालिच्यात उतरतं.